मोहफुलांच्या टोपलीखाली

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हल्ली माझी भाचरं-पुतणी तुमच्या खिशात मावतात. त्यामुळे डबा, पडदा, कळफलक आणि वायरींचा गुंता असा सगळा संसार टेबलावर मांडून बसलेला माझ्यासारखा म्हातारा तुम्ही कदाचित पाहिलाही नसेल. पण लगेच तोंड फिरवू नका. मी सुरूच होईना, तेव्हा एका घरात काय काय झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. ते सगळं अगदी माझ्या डोक्यावर घडलं, म्हणून माझ्याइतकं नीट ते कोणालाच सांगता येणार नाही.

माझा जन्म नेमका कुठला, हे मला ठाऊक नाही. माझे अवयव दूरदूरच्या देशांतून आले आणि नागपुरातल्या एका दुकानात एका माणसाने चहा पीत पीत ते या डब्यात बसवले. तिथून मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी आलो, एका संगणक वर्गात. पहिल्या रांगेत माझी जागा होती. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं-मुली एसटीने येत, धुळीने भरलेली बोटं पँटला पुसत आणि माझ्या कळांवर घाबरत घाबरत ठेवत. किती मुलं माझ्यावर शिकून गेली, ते मी कधी मोजलं नाही. "हा पहिल्या रांगेतला कधी दगा देत नाही," असं सर पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलोही होतो.

मग माझ्यापेक्षा वेगाने धावणारे नवे संगणक आले. माझी रांग बदलली, पुढे खोलीही बदलली, आणि शेवटी तो वर्गच बंद झाला. मी एका कोपऱ्यात पडून राहिलो. माझ्या पडद्यामागे पालीने अंडी घातली. तिचं मी वाईट वाटून घेतलं नाही, निदान कोणाला तरी माझा उपयोग होता. पण कोणी बटणच दाबत नाही, म्हणजे आपण जिवंत आहोत की नाही हेच कळत नाही. ते दिवस मला आजही आठवायला नको वाटतात.

एक दिवस सुरेंद्र आला. सुरेंद्र सिंदेवाहीकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावचा ढिवर. गावच्या तलावात जाळं टाकायचा आणि मासळी मूलच्या बाजारात विकायचा. त्या दिवशी रिकामी टोपली दारात ठेवून तो आत आला आणि लांबूनच माझ्याकडे पाहत राहिला.

"सर, हे चालते का?" त्याने विचारलं.

"चालतो. जुना आहे, पण चालतो."

"अन् माही पोरगी यावर टायपिंग शिकन का?"

"शिकेल की."

सुरेंद्रने मला विकत घेतलं. रस्त्यात धक्के लागू नयेत म्हणून त्याने मला मासळीच्या जुन्या जाळ्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरने जाळ्याकडे पाहून विचारलं, "काय गवसलं भाऊ आज?" सुरेंद्र म्हणाला, "कम्पुटर." सगळी बस हसली. तोही हसला, पण माझ्याभोवतीचा हात त्याने सैल केला नाही. मित्रांनो, इतक्या मायेने मला तोवर कोणी धरलं नव्हतं.

घर लहान होतं. सुरेंद्रची बायको गोकुळा, त्यांची मुलगी आचल आणि सुरेंद्रचे म्हातारे वडील बापूजी, एवढीच माणसं. बापूजी दिवसभर ओसरीवर बसून जाळं विणत. आचल बारावी झाली होती आणि मूलच्या टायपिंग क्लासला जात होती. सुरेंद्रने एका फळीवर स्विच आणि सॉकेट बसवून माझ्यासाठी वेगळा बोर्ड तयार केला. कोणतं बटण माझं ते कळावं म्हणून त्याने त्यावर आचलच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. मग त्याने मला टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि पुन्हा पुढे येऊन जरासं सरळ केलं.

सुरेंद्रला टायपिंग येत नव्हतं. पण मला सुरू करायचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं. संध्याकाळी तलावावरून आला की तो राखेने, मग साबणाने हात धुवायचा, वास राहिला नाही ना म्हणून बोटं हुंगून पाहायचा, आणि म्हणायचा, "सरक माय, मी चालू करतो." मग माझ्या कपाळावरचं गोल बटण दाबायचा. आत पंखा फिरू लागे, पडदा उजळे, आणि आचलची बोटं चालू लागत. तो बाजूला बसून नुसता तो आवाज ऐकत राही. थंडीच्या दिवसांत तलावाच्या पाण्याने त्याचे हात गारठून येत. तेव्हा तो दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर ठेवायचा. काम करताना मी चांगला गरम होतो. "चूल बी हाये अन् शाळा बी हाये," असं म्हणून तो गोकुळाकडे पाहून हसायचा.

आचलला टायपिंगची परीक्षा देऊन कचेरीत लागायचं होतं. ही इच्छा आधी बापाची होती, मग ती तिची झाली. त्या दोघांत ती कोणाची जास्त होती, हे मला कधी कळलं नाही.

मग चैत्र आला आणि मोह गळू लागला. तुमच्यापैकी जे आमच्या जंगलाकडचे आहेत त्यांना ठाऊक आहे, मोहफुलं पहाटे पडतात आणि उजाडायच्या आत वेचायला जावं लागतं. आमच्या गावात घराघराचं झाड ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. दरवर्षी गोकुळा जायची. त्या दिवशी तिला ताप होता, म्हणून सुरेंद्र गेला. वाकून वेचणाऱ्या माणसाला मागचं दिसत नाही. त्याला वाघाने नेलं.

टोपली शेजारच्या सुकरीने आणून दिली. टोपली झाडाखाली तशीच राहिली होती, काठोकाठ भरलेली. गोकुळाने ती दोन्ही हातांनी घेतली. लोक येत-जात होते, रडत होते, आणि ती अंगणात फडकं पसरून फुलं वाळत घालत होती. ओली राहिली असती तर ती कुजली असती. तेरवीला आलेल्या माणसांनी ती वाळणारी फुलं पाहिली आणि एकमेकांकडे पाहिलं. त्या वर्षी गावातल्या सगळ्या घरांतला मोह व्यापाऱ्याला गेला. गोकुळाने त्या टोपलीतलं एक फूलही दिलं नाही.

मित्रांनो, वाळलेल्या मोहाचा शत्रू म्हणजे पावसाळा. हवेतली ओल लागली की फुलं मऊ पडतात, चिकट होतात, त्यांतून गोड पाझर सुटतो. गोकुळाने टोपली आधी फडताळात ठेवली, तिथे ओल आली. मग चुलीवरच्या शिंक्यात ठेवली, तर पावसाने ओलं झालेलं सरपण धुमसून फुलं काळी पडू लागली. एका संध्याकाळी आचल टायपिंग करत होती. गोकुळा टोपली घेऊन घरभर फिरत होती. फिरता फिरता ती माझ्याजवळ थांबली आणि तिने माझ्या डोक्यावर तळवा ठेवला, अगदी सुरेंद्र ठेवायचा तसा. मी गरम होतो. तिने टोपली माझ्यावर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. टोपली चांगलीच जड होती, पण मला तिचं ओझं वाटलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझं दुखणं सुरू झालं.

दुखणं असं होतं. आचल बटण दाबे. माझा पंखा फिरे, दिवा लागे, पडद्यावर उजेड येतोय न येतोय तोच सगळं गप्प होई. ती पुन्हा दाबे, पुन्हा तेच. कधी कधी तर बटण आतच जाईना. आम्हा संगणकांची रीत तुम्हाला सांगतो. बटण एकदा दाबून सोडलं तर आम्ही उठतो. ते दाबूनच धरलं तर मालकाला आम्हाला बंद करायचं आहे असं आम्ही समजतो आणि निमूट झोपतो. आचल बटण सोडत होती, पण बटण माझ्या कपाळातून बाहेर येत नव्हतं. कोणीतरी ते आतून धरून ठेवलं होतं. मी हुकमाचा ताबेदार, उठायचो आणि लगेच झोपायचो.

आचल मोठी चिकाटीची पोरगी. तिने आधी पिन काढून पुन्हा लावली. मग मागच्या सगळ्या वायरी एकेक करून काढल्या, फुंकर मारली, पुन्हा बसवल्या. पडदा बिघडला की डबा, हे पाहायला तिने पडदा सोडून फक्त मला लावून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या सॉकेटलाही लावलं. काही केल्या मी टिकेना. शेवटी तिने मला मूलला मिथुनच्या दुकानात न्यायचं ठरवलं.

गावाला जाणाऱ्या लेकराचं तोंड पुसावं तसं निघण्याआधी गोकुळाने टोपली खाली ठेवून मला ओल्या फडक्याने पुसून काढलं. बसच्या खिडकीतून ऊन लागलं. दुकानात मिथुनने माझं पुढचं झाकण बटणासकट काढून बाजूला ठेवलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने आतल्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या. मी ताडकन उठलो. दुरुस्ती करणारे असंच करतात. घाईच्या कामात बटण कोण दाबत बसतो?

"याले काई नाई झालं," मिथुन म्हणाला. "मस्त चालून राह्यला."

घरी आलो, चार-पाच दिवस बरा होतो. टोपली पुन्हा डोक्यावर आली. मग पुन्हा तेच दुखणं. आचलने मला पुन्हा बसमध्ये घातलं, मिथुनने पुन्हा झाकण काढलं, मी पुन्हा उठलो.

"मिथुनभाऊ, इथी चालते अन् घरी काऊन नाई चालत?" आचलने विचारलं.

मिथुनने डोकं खाजवलं. "मशीन चांगली हाये. तुमच्या घरची लाईट खराब असन. बोर्ड कोणं बसवला?"

"बाबानं."

"मंग तो बदलून टाक."

तो काही वाईट माणूस नव्हता. पण त्याने माझं बटण एकदाही दाबलं नाही, आणि मला तोंड नाही. मी त्याच्या टेबलावर झगझगीत उजेड पाडत बसलो होतो आणि एका निरपराध फळीवर आळ येत होता. तेव्हाइतकं असहाय मला कोपऱ्यात पडून असतानाही वाटलं नव्हतं.

बोर्ड बदलायची गोष्ट निघाली तेव्हा गोकुळा उठली. ती भिंतीशी जाऊन लाल ठिपक्यावर अंगठा फिरवत राहिली. ओसरीवरून बापूजी म्हणाले, "काढू दे, बाई. लाकडाचा तुकडा हाये तो. सुरेंद्र का त्याच्यात बसला हाये?"

"मामाजी, त्याच्या हातचं घरात काय राह्यलं मंग?" गोकुळा सासऱ्यांना म्हणाली.

गावच्या अमर वायरमनने फळी काढली आणि प्लास्टिकचा पांढरा बोर्ड बसवला. लाकडाचा तुकडा म्हणणाऱ्या बापूजींनी ती फळी हळूच उचलून आपल्या खाटेखाली नेऊन ठेवली. भिंतीला भोकं पाडताना उडालेली धूळ गोकुळाने माझ्या अंगावरून ओल्या फडक्याने पुसली, आणि काय सांगू, मी पहिल्या दाबात सुरू झालो. सगळ्यांना वाटलं, सुटलं. त्या संध्याकाळी आचलची बोटं अशी धावली की बापूजींनी जाळं मांडीवर टाकून ऐकत बसावं.

पण माझं दुखणं बोर्डात नव्हतंच. आठवडा झाला नाही तोच मी पुन्हा उठता उठता झोपलो.

दिवाळी झाली, धानकापणी सुरू झाली. परीक्षा पौषात होती. गावातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जायच्या तयारीला लागली होती. परीक्षेत पास झाली नाही, तर आचलही त्यांच्याबरोबर जाणार, असं घरात ठरलं होतं. गोकुळाच्या एकटीच्या मजुरीवर घर चालत नव्हतं. आणि एकदा गेलेली पोरगी पुन्हा कळफलकावर बसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी मी पुन्हा बंद पडलो तेव्हा गोकुळाचा संयम सुटला. "तूच काईतरी करते याले," ती लेकीला म्हणाली. "तुह्या बाबाच्या हातानं कधी बंद नाई पडला तो."

आचलने मान खाली घातली. आई पाण्याला गेल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि तिने एकदाच, अगदी सावकाश, बटण दाबलं. बोट उचलताना ते किंचित चिकटलं. तिने बोटाकडे पाहिलं. मग नाकाशी नेलं.

मोहाचा वास आला तिला. तिने वर टोपलीकडे पाहिलं. माझ्या डोक्याच्या काठावरून एक तांबूस, चमकदार रेघ खाली उतरून बटणाच्या फटीत गेली होती. तिच्या कडेकडेने मुंग्यांची रांग लागली होती, आणि फटीत चिकटून मेलेल्या मुंग्यांचा थर जमला होता. आता तुम्हालाही कळलं असेल. मी चालू असलो की गरम राही आणि फुलं कोरडी राहत. मी एकदा बंद पडलो की गार होई, गार झालो की फुलांना ओल धरे, ती पाझरत, आणि तो पाझर बटण आणखी घट्ट धरून ठेवी. माझं न उठणंच माझं दुखणं वाढवत होतं.

मला वाटलं, आता ती आईला हाक मारेल. तिने मारलीही असती. पण तेवढ्यात दारात गोकुळा दिसली, कमरेवर घागर, आणि येता येता तिची नजर नेहमीसारखी आधी टोपलीवर गेली. सगळं जागच्या जागी आहे असं पाहून तिचा चेहरा जरा सैल झाला. आचलने उघडलेलं तोंड मिटलं.

त्यानंतर ती आई घरात नसताना ओढणीचं टोक ओलं करून बटण पुसू लागली, पण आता तेवढ्याने मी टिकेना. एकदा तिने टोपली उचलून फडताळातही ठेवली. गोकुळा कामावरून आली आणि दारातच थबकली.

"टोपली कोणं हालवली?"

"मी."

"तिथी ओल लागते, माय. गरम जागा एकच हाये या घरात."

मी तेव्हा किती दिवसांचा गार पडलो होतो. टोपली ठेवताना तिचा हात माझ्या डोक्याला लागायचा, तेव्हा ते तिलाही कळत असणार. पण ती तसं म्हणाली, आणि आचलने उठून स्वतःच्या हाताने टोपली पुन्हा माझ्यावर ठेवली. तो पाझर आता वरवर पुसून निघणारा राहिला नव्हता. बटणाच्या पार आतपर्यंत गेला होता. मी उठायचंच थांबलो.

पोरीने सराव मात्र सोडला नाही. ती रोज माझ्यासमोर बसे. पडदा काळा, मी मेल्यासारखा, आणि तिची बोटं कळांवर चालत. काय टाइप केलं, कुठे चुकलं, काहीच तिला दिसत नव्हतं. माझ्यापर्यंत त्यांतलं एक अक्षरही पोचत नव्हतं. मित्रांनो, माझ्यावर इतकी बोटं फिरली, पण आचलच्या त्या बोटांचं मला जितकं वाईट वाटलं तितकं कोणाचंच वाटलं नाही.

एका दुपारी गोकुळा कापणीवरून लवकर घरी आली. टकटक ऐकून ती आत आली आणि काळ्या पडद्याकडे पाहत उभी राहिली.

"बंद मशीनवर काऊन बोटं चालवून राह्यली?"

"सवय जाते नाई तर," आचल म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ओसरीवरून बापूजी बोलले. "लय दिवस झाले, बाई. आवाज येते मले, उजेड नाई दिसत. विचारलं तर म्हणते, आबाजी, आईले नको सांगू."

गोकुळा माझ्याजवळ आली. तिने टोपली उचलली. उचलताना ती सहज उचलली गेली नाही, बूड माझ्या डोक्याला चिकटलं होतं. खाली गोल, तांबूस, ओला डाग होता. डागातून निघालेली रेघ तिच्या बोटाने पकडली आणि बोट त्या रेघेवरून उतरत उतरत बटणावर आलं. बटणाभोवतीचा रंग घासून घासून निघाला होता. फटीत निळा धागा अडकला होता. आचलची ओढणी निळी होती.

तिने तो धागा नखाने काढला आणि तळव्यावर ठेवला.

"तुले मालूम होतं?" तिने विचारलं.

आचलने मान डोलावली.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"बाबाची टोपली हाये," आचल म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती आईसमोर रडली.

गोकुळाने टोपली जमिनीवर ठेवली. लेकीचं डोकं पोटाशी धरलं. "टोपली त्याची हाये," ती म्हणाली, "पण पोरगी बी त्याचीच हाये ना व माय." मला डोळे नाहीत, तरी मला त्या घरातलं सगळं दिसतं. तेव्हा मात्र दिसलं नसतं तर बरं, असं वाटलं.

माझं बटण कोणी काढलं सांगू? मिथुनने नाही. बापूजींनी जाळं विणायची बांबूची सुई आणली, आचलने ती फटीत घालून मला न दुखवता बटण बाहेर काढलं. गोकुळाने ते वाटीतल्या कोमट पाण्यात धुतलं, आतली खाच कापसाने पुसली, फुंकर मारमारून वाळवली. मग बटण जागेवर बसवलं आणि ती बाजूला सरकली.

"दाब," आचल म्हणाली.

"मी?"

"बाबाच दाबत होते."

गोकुळाने हात पदराला पुसले, बोटं नाकाशी नेऊन हुंगली, आणि बटण दाबून सोडलं. बटण बाहेर आलं. मी उठलो, आणि या वेळी जागा राहिलो. ओसरीवर बापूजींनी पुन्हा जाळं हातात घेतलं.

टोपलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गोकुळाने फुलं अंगणात कडक उन्हात घातली. मुंग्या उडवल्या, काळी पडलेली फुलं वेगळी काढली, चांगली फुलं मंद आचेवर भाजली. मग जवस भाजून त्याच्याबरोबर ती उखळात कुटली. त्या वासाने सुकरी डोकावली, तिनेच आणून दिलेली ती टोपली ओळखली आणि दारातूनच मागे फिरली. परीक्षेच्या सकाळी गोकुळाने आचलच्या हातावर एक लाडू ठेवला.

"तुह्या बाबानं वेचलेलं हाये," ती म्हणाली. "खाऊन जाजो."

आचलने तो उभ्याउभ्याच खाल्ला, अगदी सावकाश, एक कणही खाली न सांडता. बापूजींनी एक खाल्ला. गोकुळाने सगळ्यांत शेवटी, पाठ करून खाल्ला. काळी पडलेली फुलं तिने तलावाच्या काठी, सुरेंद्र आपली होडी, डोंगा, बांधायचा तिथे, पाण्यात सोडली.

आचल परीक्षा पास झाली. नोकरी अजून लागायची आहे, ते काही माझ्या हातात नाही. पण ती मिरची तोडायला गेली नाही. आता ती गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करून देते आणि पुढच्या परीक्षेचा सराव करते. माझ्या डोक्यावरचा तो गोल डाग मात्र कोणी पुसला नाही, आणि मीही तशी अपेक्षा करत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसतं. आमचं दुखणं आम्ही बंद पडूनच सांगू शकतो. म्हणून एखादं यंत्र पुन्हा पुन्हा अडत असेल तर त्याला थापटू नका, उगाच कोणावर आळ घेऊ नका. ते रोज जिथे बसतं तिथे या, त्याच्या अंगाखांद्यावर काय ठेवलं आहे ते पाहा. आमच्यावर टोपल्या, कपडे, पुस्तकं रचू नका, आमची फट मोकळी राहू द्या. आणि घरातलं एखादं माणूस गप्प होत चाललं असेल, तर त्याच्याजवळही असंच येऊन बसा. आचलला तोंड होतं, तरी तिला सांगता आलं नाही. मी तर साधा डबा आहे.

यंदा चैत्रात पुन्हा मोह गळला. गोकुळा जाणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली. बायका टोळीने गेल्या, डबे वाजवत, आळीपाळीने राखण करत. ऊन चढायच्या आत ती परत आली, डोक्यावर तीच टोपली. सरळ आत येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. आचलची बोटं चालू होती, मी चांगला तापलो होतो. गोकुळाने टोपली काखेत धरली, मोकळा तळवा माझ्या डोक्यावरच्या डागावर थोडा वेळ ठेवला, आणि मग फुलं वाळत घालायला ती अंगणात गेली.